मांगराच्या चिऱ्यावरची पाल: तिचं नाव कुठपर्यंत सांगता येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या काणकोण तालुक्यात खोतीगावच्या बाजूला तुमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. तिथल्या मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर भर दिवसा एक करडी, ठिपक्याठिपक्यांची, बोटापेक्षा लहान पाल दिसते. डोकं खाली करून बसते, जवळ गेलं की सरळ फटीत शिरते. कामाला येणारी माणसं तिला विषारी म्हणतात. बारावीतल्या मुलीने मोबाइलवर फोटो काढला, तर एका अ‍ॅपने ती घरचीच पाल ठरवली आणि दुसऱ्याने एकदम ‘निमास्पिस गोएन्सिस’ असं नाव देऊन टाकलं. तेव्हापासून घरात शंकेची पाल चुकचुकतेय. यातलं खरं काय, आणि ही जात नवीनच असेल तर ते कळायचं कसं?

विषाचं आधी संपवून टाकतो. भारतात एकही विषारी पाल नाही. दुधात पडलेली पाल ‘उतरते’ वगैरे जे सांगतात, त्यातलं खरं इतकंच की पालीच्या अंगावर आणि विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. तेव्हा दूध ओतून द्यावं, पाल मारू नये. पंचांगात पाल अंगाच्या कुठल्या भागावर पडली तर काय फळ मिळतं याचा तक्ता असतो. गंमत अशी की कोणती पाल पडली हे त्या तक्त्याने कधीच विचारलेलं नाही.

आता ओळख. तुम्ही पत्रात सहा ओळी रंगावर लिहिल्यात आणि बोटांवर एकही नाही. हे सगळ्यांचं होतं, माझंही झालं. विद्यार्थी असताना नेत्रावळीच्या जंगलात एका व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावर मी सकाळी अकराच्या सुमारास दगडावर एक काळपट, शेवाळी डागांची बारीक पाल पाहिली आणि वहीत ‘जात क्र. १’ म्हणून टिपली. त्याच रात्री टॉर्च घेऊन तिथेच गेलो, तर कपारीत एक फिकट, जवळजवळ पिठूळ रंगाची पाल झोपलेली. ‘जात क्र. २’. दुसऱ्या दिवशी सरांना मोठ्या ऐटीत वही दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, “बोटं पाहिलीस?” पाहिली नव्हती. मग पुढच्या रात्री त्या फिकट पालीला काचेच्या बरणीत ठेवून सकाळपर्यंत थांबलो. ऊन चढलं तशी ती माझ्या डोळ्यांदेखत काळपट होत गेली आणि मानेवरचे डाग उमटले. माझ्या दोन जाती म्हणजे एकाच पालीचे दिवस आणि रात्र होते. तेव्हापासून रंग मी वहीत शेवटी लिहितो.

आधी डोळा बघा. मुलीचा फोटो धूसर असला तरी डोळ्याची बाहुली स्पष्ट आहे आणि ती गोल आहे, आपल्या बाहुलीसारखी. घरातल्या ट्यूबलाइटखाली किडे टिपणारी पाल निशाचर असते. तिची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी मिटते आणि त्या फटीच्या कडा लाटालाटांच्या दिसतात. दिवसा हिंडणाऱ्या पालीला अशी झडप लागत नाही. तेव्हा भर दुपारी भिंतीवर बसणारी, गोल बाहुलीची पाल ही घरची पाल नव्हे. पहिल्या अ‍ॅपचं उत्तर इथेच बाद झालं.

दुसरी खूण बोटांची. घरच्या पालीच्या वंशाचं नाव हेमिडॅक्टिलस. तिच्या बोटांखाली रुंद गादी असते आणि त्या गादीवरचे पत्रे, म्हणजे आडव्या पट्ट्यांसारखे खवले, मधोमध दुभागलेले असतात, म्हणूनच नावात ‘अर्धं बोट’. त्या पत्र्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात, त्यांच्या जोरावर ती काचेवर आणि छताला उलटी चालते. तुमच्या पालीची बोटं बारीक, जराशी वाकडी, पक्ष्याच्या पायासारखी, आणि टोकाला नख. गादी नाही. ती चिऱ्याच्या खरबरीत अंगावर मजेत चढेल, पण खिडकीच्या काचेवर तिची पंचाईत होईल. घरची पाल रात्री काचेच्या बाहेरून चिकटली असेल तर मुलीला आतून टॉर्च मारून तिचे तळपाय बघायला सांगा. दुभागलेले पत्रे फुकटात, पालीला हात न लावता दिसतात. एकदा ते नीट पाहिले की मांगरातली पाल वेगळी का हे मला सांगावं लागणार नाही.

गोल बाहुली, गादी नसलेली सडपातळ बोटं, दिवसाचा वावर आणि एवढीशी चण. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी या चारही गोष्टी एकत्र आल्या की वंश निमास्पिस. इथपर्यंत मी तुमच्या फोटोवरून खात्रीने सांगतो. तुम्ही म्हणाल, कशावरून ते दुसऱ्या कुठल्या पालीचं पिल्लू नसेल? तुम्हीच पत्रात उत्तर दिलंय, फक्त तुमच्या लक्षात आलं नाही. भिंतीच्या वरच्या फटीत दगडाला चिकटलेली, मिऱ्याच्या दाण्याहून जराशी मोठी, पांढरी कडक अंडी जोडीजोडीने दिसली असं तुम्ही लिहिलंय. या पाली एका वेळी दोन अंडी घालतात आणि सोयीची कपार मिळाली की अनेक माद्या तिथेच घालतात. शिवाय एका फोटोत पालीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरे गोळे दिसताहेत. एवढ्या लहान अंगात अंडी, म्हणजे हीच तिची पूर्ण वाढ.

आता दुसऱ्या अ‍ॅपच्या नावाकडे. निमास्पिस गोएन्सिस या जातीचं वर्णन झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या आर. सी. शर्मा यांनी १९७६ मध्ये केलं आणि ज्या नमुन्यांवरून केलं ते काणकोणचेच होते. म्हणजे शास्त्राच्या नोंदीत या जातीचं माहेर तुमचाच तालुका. त्याच वर्षी त्यांनी गोव्याच्या नावाची आणखी एक जात दिली, रायोपा गोएन्सिस, ती सापसुरळी. तर अ‍ॅपने काणकोण पाहिलं, लहान पाल पाहिली आणि नाव चिकटवलं. नाव बरोबर असण्याची शक्यता चांगली आहे. पण अ‍ॅपला ते पालीवरून नाही, पत्त्यावरून सुचलं. पोस्टमनने पाकीट न उघडता पत्रातला मजकूर सांगावा तसं.

पत्त्यावर का विसंबायचं नाही, ते शेजारी बघितलं की कळतं. तुमच्या शेजारी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात गुंद नावाचं ठिकाण आहे. तिथून २००२ मध्ये पालींचे अभ्यासक आरोन बाउर यांनी निमास्पिस इंद्रनीलदासी ही जात वर्णन केली, आणि ती दिसायला तुमच्या पालीच्या फारच जवळची आहे. उत्तरेला आंबोलीहून २०१६ मध्ये निमास्पिस फ्लाविव्हेंट्रॅलिस आली, म्हणजे पिवळ्या पोटाची. कोल्हापूरच्या बाजूची कोल्हापुरेन्सिस २००९ ची, साताऱ्याच्या कास पठाराची गिरीआय २०१४ ची. २०२१ मध्ये तर एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या बारा नव्या जाती आल्या. त्यातल्या एका चपळ पालीचं नाव जॅकीआय, जॅकी चॅनवरून. (नाव ठेवणाऱ्यांच्या आवडीनिवडींवर मी बोलत नाही, पण ही पाल पळताना बघितली तर नाव पटतं.) गोएन्सिस लिहिली गेली तेव्हा यातली एकही जात कागदावर नव्हती. म्हणून १९७६ चं वर्णन आज अपुरं वाटतं. त्यात शर्मांची चूक नाही. तेव्हा जेवढ्या जातींपासून ती वेगळी दाखवायची होती, तेवढ्यांपासून त्यांनी दाखवली.

मग जात ठरते कशावर? इथे भिंग लागतं, दहा पट मोठं दाखवणारं दागिन्यांच्या कारागिराकडचं चालतं. पाठीवरचे खवले बघायचे. काही जातींत पाठभर एकसारखे बारीक दाणे असतात, काहींत त्या दाण्यांमध्ये मधूनमधून मोठे, मधे कण्यासारखी उंच रेघ असलेले गोटे असतात. कुशीवर काट्यासारखे उंच खवले आहेत की नाहीत. पोटावरचे गुळगुळीत की तशीच रेघ असलेले, आणि पोटाच्या मध्यावर आडव्या रांगेत किती. मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखाली पत्रे किती. शेपटीच्या खालच्या बाजूला मधली रांग रुंद आहे का. हे एकेक मोजताना मान धरते, आणि दोन वेळा मोजून दोन वेगळे आकडे आले की तिसऱ्यांदा मोजायचं, सरासरी काढायची नाही.

पण सगळ्यांत जास्त वजन नराच्या छिद्रांना. नर पालीच्या मांडीच्या खालच्या बाजूला, आणि काही जातींत शेपटीच्या मुळाशी जी आडवी फट असते तिच्या पुढे, खवल्यांत बारीक छिद्रं असतात. त्यातून मेणासारखा पिवळट पदार्थ येतो, तो दगडाला घासून नर आपली जागा राखतो. ही छिद्रं फक्त मांडीवर आहेत, फक्त फटीपुढे आहेत की दोन्हीकडे, मधे किती खवले कोरे सोडलेत, एका बाजूला किती, यावर या वंशातल्या जातींचे गट पडतात. कोल्हापुरेन्सिसचं उदाहरण घ्या. तिच्यात ही रांग एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत मधे न तुटता जाते, त्यामुळे नर हातात आला की ओळख मिनिटभरात होते. मादी आली तर मात्र वाट बघा. तुमच्या फोटोतली पाल अंडी असलेली मादी आहे, म्हणजे सगळ्यांत बोलकी खूण जिच्याकडे नाही, नेमकी तीच तुमच्या वाट्याला आलीय.

लांबी मोजताना शेपटी धरू नका, म्हणजे मोजपट्टीवरही नको आणि हाताने तर मुळीच नको. लांबी नाकाच्या टोकापासून त्या आडव्या फटीपर्यंत. शेपटी तुटून पुन्हा येते आणि नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक सळी असते. खवल्यांची मूळ मांडणीही परत येत नाही. शेपटीवरून जात ठरवायची तर ती मूळचीच आहे याची खात्री आधी करावी लागते. फोटोतल्या तुमच्या पालीची शेपटी मध्यापासून पुढे एकरंगी आणि जरा फुगीर दिसतेय, ती नवीच आहे.

या सगळ्याच्या वरच्या पायरीवर एक वेगळाच घोळ आहे, तो मुलीला आवडेल. वर्गीकरणात आपली पाल खवलेधारी सरपटणाऱ्यांच्या गणात, पालींच्या गेकोनिडी कुळात, निमास्पिस वंशात बसते. हा वंश प्राणिशास्त्रज्ञ स्ट्राउख याने १८८७ मध्ये केला तो व्हिएतनामच्या समुद्रातल्या एका बेटावरच्या पालीसाठी. पुढे गोल बाहुली आणि सडपातळ बोटं दिसली की आफ्रिका, भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, कुठलीही पाल याच खणात टाकली गेली. जनुकं वाचायला लागल्यावर कळलं की हे एक घराणं नाहीच. आफ्रिकेतल्या, आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या पाली वेगवेगळ्या शाखांच्या आहेत, दिवसा दगडावर जगायचं म्हणून तिन्हीकडे सारखाच बांधा तयार झाला. नाव जिथल्या पालीला आधी दिलं तिचंच राहतं, हा नियम. म्हणून आफ्रिकेतल्यांना २०२२ मध्ये अँसायलोडॅक्टिलस हे जुनं बाजूला पडलेलं वंशनाव परत मिळालं. त्याच न्यायाने आपल्या पालींचंही वंशनाव बदलायला हवं. तुमच्या मांगरातल्या पालीला याचा पत्ता नाही, पण मुलीने वहीत नाव लिहिताना पेन्सिल वापरावी.

तर माझं उत्तर: वंश निमास्पिस, खात्रीने. जात गोएन्सिस असावी, पण नराची छिद्रं पाहिल्याशिवाय मी लेबलवर तसं लिहिणार नाही. लेबलवर काय लिहायचं तेही सांगतो, कारण आम्ही लोक ‘सीएफ.’ अशी दोन अक्षरं वापरतो. वंशाचं नाव, मग सीएफ., मग जात. अर्थ असा की ‘हिच्याशी ताडून बघा’. नवखे अभ्यासक ही अक्षरं लावायला लाजतात, आपल्याला ओळखता आलं नाही असं दिसेल म्हणून. मला उलट ती नसलेल्या याद्यांची धास्ती वाटते. गोव्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या याद्या मी बऱ्याच चाळल्यात. केरी-चोर्ल्याच्या घाटातली, मोल्याची आणि काणकोणची निमास्पिस सरसकट गोएन्सिस लिहून मोकळं व्हायचं, हा त्यातला नेहमीचा प्रकार. चोर्ला तुमच्या गावापेक्षा आंबोलीला जवळ आहे हे नकाशा उघडला तरी दिसतं. या पाली दगडाची एक टेकडी सोडून दुसऱ्या टेकडीवर सहज जात नाहीत. मधे उघडा, तापलेला सडा (कातळाचं पठार) किंवा रुंद नदी आली की दोन्हीकडच्या वस्त्या कायमच्या तुटतात, आणि तशा तुटूनच तर एवढ्या जाती झाल्या.

नवी जात असेल तर? तुम्ही नाव काय ठेवायचं इथपर्यंत पोचलात, त्याआधी बराच रस्ता आहे. निदान एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, तो त्या नावाचा मूळ नमुना, आणि सोबत शक्यतो आणखी काही, नर-मादी दोन्ही. मग तो गोएन्सिसच्या १९७६ च्या मूळ नमुन्याशी, इंद्रनीलदासीच्या मूळ नमुन्याशी, गटातल्या प्रत्येक जातीशी खवला-खवला ताडायचा. शेपटीच्या टोकाचा किंवा यकृताचा कण घेऊन जनुक वाचायचं आणि शेजारच्यांपासून किती फरक आहे ते बघायचं. नुसता जनुकातला फरकही पुरत नाही, अंगावर दाखवता येईल असं काहीतरी हवं. हे सगळं छापून आलं की मग नाव. स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला देणं नियमात बसतं, पण आमच्यात ते शोभत नाही.

आणि यातलं कुठलंही काम परवान्याशिवाय करू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, शिवाय खोतीगाव अभयारण्य तुमच्या कुंपणाला लागून. अभयारण्यातून एक पाल बरणीत घालून आणणं हाही गुन्हा होतो. नमुना गोळा करायचं काम वनखात्याच्या परवानगीने येणाऱ्या संशोधकाचं. तुम्ही करायचं ते फोटोंचं, आणि खरं सांगायचं तर तेच आम्हाला जास्त मिळत नाही.

मुलीला सांगा, पाल पकडायची नाही. सकाळी नऊ ते अकरा किंवा संध्याकाळी चारनंतर भिंतीपासून दोन हातांवर स्वस्थ बसायचं. पाच मिनिटांत ती फटीतून बाहेर येते. ज्याचा गळा पिवळट दिसतो आणि शेपटीचं मूळ खालून जाडसर फुगलेलं आहे, तो बहुधा नर. त्याच्या डोक्याचा बाजूने एक, पाठीचा सरळ वरून एक, मागच्या पायाचा जमेल तितक्या जवळून एक, आणि शेजारी भिंतीला टेकवलेल्या पट्टीसकट एक. वेळ, भिंतीचा दगड चिरा की काळा, सावली की ऊन, जमिनीपासून उंची, सगळं त्याच दिवशी लिहायचं. मला अजून सलते ती माझी नमुन्याची एक जुनी बाटली, जिच्या चिठ्ठीवर मी घाईत फक्त ‘गोवा’ लिहून ठेवलं होतं. पाल उत्तम, छिद्रं शाबूत, आणि कुठल्या डोंगराची ते आता मलाही सांगता येत नाही.

मांडीची छिद्रं वरून दिसणार नाहीत, त्यासाठी एक युक्ती. भिंतीच्या कडेवर, जिथे चिरा जरा पुढे आलेला असतो, तिथे नर उलटा लटकून बसतो आणि त्याचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला येतो. मोबाइल खालून वर धरून, फ्लॅश न लावता, दहा-बारा फोटो काढले तर एखाद्यात मांडीवरची पिवळट टिंबांची ओळ येते. तुमच्या भिंतीला पाटाच्या बाजूने तसा एक चिरा आहे, तुमच्याच तिसऱ्या फोटोत दिसतोय, आणि त्याच्या वरची विष्ठेची पांढरी-काळी टोकं ताजी आहेत. तिथे बसा. पाऊस लागायच्या आत जमलं तर बरं, नंतर भिंतीवर शेवाळ चढलं की पाल आणि चिरा वेगळे काढणं मलाही जड जातं.